अडलंय नेमकं कुठे?

एचआयव्ही रोखण्याच्या कामातली आमची प्रशिक्षणं जूनमध्ये होतात. 1 जूनला मासेमारी बंद झाली की 31 जुलैपर्यंत बोटी ताडपत्री घालून किनाऱ्याला शाकारलेल्या असतात, नेपाळी खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात, जेट्टीवर ना बर्फाची गाडी, ना लिलावाची ओरड. वर्षभर त्या जेट्टीवर, हायवेच्या ढाब्यांवर, लॉजच्या मागच्या जिन्यांवर फिरणाऱ्या आमच्या माणसांना एका जागी बसून शिकायला मिळतं ते या दोन महिन्यांत. रत्नागिरीतला भाड्याचा हॉल, वर पत्रे. पावसाची मोठी सर आली की कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. मग सर ओसरेपर्यंत सगळे गप्प बसून राहतो. बरेचदा त्या दोन-तीन मिनिटांनंतरच कुणीतरी सकाळपासून न बोललेलं बोलतं.

मी या कामात समुपदेशक म्हणून आले आणि आता शिकवते. शिकवायचं काय, तर माणसं आपलं वागणं का बदलतात आणि का बदलत नाहीत याबद्दलचे सिद्धांत. शिकणारे कोण, तर एचआयव्ही आणि बाकीचे लैंगिक आजार पसरू नयेत म्हणून प्रत्यक्ष माणसांपर्यंत जाणारे लोक. आउटरीच वर्कर, लिंक वर्कर, आशाताई, आयसीटीसीचे, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रांतले समुपदेशक आणि पिअर. पिअर म्हणजे ज्यांच्यात काम करायचं त्यांच्यातलंच माणूस. आपल्याकडे ही कल्पना रुजली ती कोलकात्याच्या सोनागाछीतून, देहविक्री करणाऱ्या बायकांच्या वस्तीतून. 1992 साली डॉ. स्मरजित जाना तिथे गेले, त्यांनी या आजारांकडे त्या बायकांच्या कामातला धोका म्हणून पाहिलं आणि तिथल्याच बायकांना हे काम शिकवलं. आमच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसणारी मावशी त्याच परंपरेतली. वय पंचेचाळीसच्या पुढे, आयुष्य हायवेवर गेलेलं, लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण तालुक्यातल्या कुठल्या लॉजवर कोण नवीन आलीय हे तिला आमच्या आधी कळतं.

दरवर्षी ही सगळी माणसं हॉलमध्ये येताना एक वाक्य घेऊन येतात: "मॅडम, कितीही सांगा, त्यांना कळतच नाही." वर्षभर उन्हात फिरून, शिव्या खाऊन, रजिस्टर भरून थकलेल्या माणसाचं हे वाक्य असतं, म्हणून त्याचा राग येत नाही. पण मला शिकवायचं असतं ते या वाक्याच्या विरोधात. मी सिद्धांत शिकवते त्याचं कारण एवढंच आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मी ते फार वाईट शिकवलं. माझ्याकडे इंग्रजीतली टिपणं होती आणि त्यांचं केलेलं शासकीय वळणाचं मराठी होतं: आकलित संवेदनक्षमता, आत्मकार्यक्षमता, व्यक्तिनिष्ठ मानदंड. लोकांनी वहीत उतरवून घेतलं, संध्याकाळच्या चाचणीत बरोबर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यातला एक शब्द कुणाच्या तोंडात नव्हता. हीच माणसं लैंगिक आजारांच्या औषधांची किटं मात्र झोपेतून उठवलं तरी सांगतात. किट एक करडं, लघवीच्या वाटेने पू जात असेल तर. किट दोन हिरवं, बाईच्या अंगावरून जात असेल तर. तीन पांढरं, चार निळं, पाच लाल, सहा पिवळं, सात काळं. ज्याने कुणी औषधांना रंग दिले त्याने डोळ्यांसमोर माणूस ठेवला होता. मी शब्द दिले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर टिपण होतं.

बदल झाला तो एका गोष्टीमुळे. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेपुढे एक कोडं होतं. क्षयाच्या तपासणीसाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांमधून उभ्या होत्या, तपासणी फुकट, आणि लोक येत नव्हते. गॉडफ्रे हॉकबाम या मानसशास्त्रज्ञाने लोकांनाच जाऊन विचारलं. आपल्याला क्षय होऊ शकतो असं ज्यांना वाटत होतं, आणि त्रास सुरू होण्याआधी कळलं तर फायदा आहे असंही वाटत होतं, त्यांच्यातल्या 82 टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्हींतलं काहीच न वाटणाऱ्यांमध्ये 21 टक्के. पुढे इतरांनी त्यात भर घालून आरोग्यविषयक श्रद्धांचा एक पूर्ण आराखडा उभा केला.

ही गोष्ट मी सांगितली आणि मागे बसलेला एक मुलगा, जो पूर्वी स्वतः बोटीवर होता, एकदम म्हणाला, "मॅडम, ही तर आपली व्हॅन!"

आमची तपासणीची गाडी तेव्हा जेट्टीवर सकाळी अकराला उभी राहायची. चार दिवस आधी भोंगा फिरवला होता. येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तो मुलगा उभा राहून सांगायला लागला. अकराला बोटीतून टोपल्या उतरत असतात, मासळीची वर्गवारी चालू असते, बर्फ मारायचा असतो. हात सोडून कोण येणार? आणि गाडीवर एचआयव्हीची एवढी मोठी लाल रिबन रंगवलेली. गाडीत चढला म्हणजे झाला, असं सगळी जेट्टी धरून चालते. "मॅडम, मी खलाशी होतो तेव्हा मीपण त्या गाडीच्या मागून जायचो, पुढून नाही."

त्या दिवशी मी टिपण मिटलं. भिंतीवर मोठा कागद लावला आणि म्हटलं, या गोष्टीतल्या प्रत्येक अडचणीला तुम्ही काय म्हणाल ते सांगा. आकलित संवेदनक्षमतेचं झालं "मला होईल का?" आत्मकार्यक्षमतेचं झालं "जमेल का?" व्यक्तिनिष्ठ मानदंडासाठी तर काही शोधावंच लागलं नाही. मार्टिन फिशबाइन आणि आइसेक आयझेन यांनी 1975 मध्ये मांडलेली ती संकल्पना मराठी माणसाच्या तोंडात पिढ्यान्‌पिढ्या आहे: "चार लोक काय म्हणतील?" आणि कृतीला चालना देणारा बाहेरचा धक्का, ज्याला टिपणात तीन शब्द लागले होते, त्याला मावशी म्हणाली, "निमित्त." मी इतकी वर्षं हा शब्द वापरत होते आणि तो मला सुचला नव्हता. माणूस तयार असतो, नुसतं निमित्त लागतं. शेजाऱ्याच्या घरात कुणी आजारी पडलं, बायको गरोदर राहिली, परदेशी जायचं म्हणून मेडिकल निघाली. गाडी संध्याकाळी नेली, रिबनवर कापड टाकलं आणि रक्तदाब, साखर तपासायला सुरुवात केली, तेव्हा रांग लागली. त्यातल्या प्रत्येकाला आत गेल्यावर स्वतंत्रपणे विचारायचं, ही तपासणीही करायची का, नको असेल तर नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याने माणसाची माहितीपूर्वक संमती बंधनकारक केली आहे आणि मला त्यात कधीच जाच वाटला नाही. संमती मागण्यासाठी थांबावं लागतं, आणि थांबल्यावर माणूस बोलतो.

कंडोमचं प्रात्यक्षिक हा आमच्या कामातला सगळ्यात जुना भाग. लाकडी मॉडेल फडक्यात गुंडाळून, भाकरीच्या डब्याखाली ठेवून एसटीने नेणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. फ्लिपचार्टवर सगळं क्रमाने असतं: तारीख बघा, पाकीट बोटांनी दाबून हवा आहे का बघा, खाचेपाशी फाडा, दाताने फाडू नका, टोक चिमटीत धरा. एकदा त्याच मुलाने जेट्टीवरच्या एका खलाशाच्या हातात पाकीट दिलं आणि मी बाजूला उभी राहून बघत होते. खलाशाचे हात ओले होते. नायलॉनच्या दोरीने तळव्यांना चिरा पडलेल्या, बोटांच्या पेरांवर जाड घट्टे, त्यावर मासळीचा चिकटा आणि इंजिनाचं तेल. पाकीट तीनदा निसटलं. चौथ्यांदा त्याने सरळ दातात धरून फाडलं, आणि कडेला एक बारीक चीर गेली. तो ओशाळला. आमच्या मुलाने दुसरं पाकीट काढलं, पण आधी खिशातून कोरडा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. "आधी हात पूस. नीट पूस, तेलाने रबर जातं."

फ्लिपचार्टवर "हात कोरडे करा" असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. ज्याने तो बनवला त्याचे हात कोरडे असणार. लॅटेक्सला तेल चालत नाही, मग ते डिझेल असो की खोबरेल, आणि आमच्याकडे घराघरात जी बाटली हाताशी असते ती खोबरेलाचीच. त्या दुपारी मला अल्बर्ट बंडुरांच्या सिद्धांतातली एक गोष्ट पुन्हा नव्याने कळली. त्यांनी 1977 मध्ये लिहिलं होतं की "मला हे जमेल" ही भावना सगळ्यात पक्की होते ती स्वतःच्या हाताने एकदा जमल्यावर. आपल्यासारख्याला जमताना बघून ती थोडी होते, कुणी सांगून त्याहून थोडी. म्हणजे भाषणाला सगळ्यात कमी किंमत. खलाशाला दुसरं पाकीट नीट उघडता आलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते माझ्या कुठल्याही व्याख्यानाने आलं नसतं.

पण बंडुरांचं खरं प्रकरण मावशीने शिकवलं.

आम्ही हॉलमध्ये नाटक करून बघत होतो. एक तरुण समुपदेशक बाई झाली, बोटीवरचा तो मुलगा गिऱ्हाईक. त्याने झोकांड्या देत प्रवेश केला, नोटा पुढे केल्या आणि म्हणाला, "दोनशे जास्त घे, पण ते नको." समुपदेशकाने नोटा घेतल्या आणि शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली, "हे बघा, कंडोम वापरल्याने एचआयव्ही आणि इतर लैंगिक आजारांपासून…" मावशी उठलीच.

"थांब. पैसे घेतलेस ना तू?"

"हो."

"मग आता काय बोलतेस? पैसे घेतले की पुढचं बोलणं त्याचं. तुझं बोलणं ते त्याच्या आधी."

मग तिने करून दाखवलं. दारातच, बसायच्या आधी, आवाज न चढवता, पाणी हवं का विचारावं तसं. पाकीट उशीखाली लपवलेलं नाही, पाण्याच्या बाटलीशेजारी दिसेल असं ठेवलेलं. "पाणी असतं तसं ते असतं. त्याला वाटलं पाहिजे, इथे असंच असतं." आजाराचं नाव तिने एकदाही काढलं नाही. आजाराचं नाव काढलं तर तो विचारतो, तुला आहे का, आणि मग ती उत्तर देत बसते. मी तिला विचारलं, आणि तरीही तो नाहीच म्हणाला तर? त्यावर ती थोडा वेळ बोलली नाही. पत्र्यावर पाऊस नव्हता तरी हॉल शांत झाला.

"मग शेजारची काय करते त्यावर आहे," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं आणि शेजारचीने हो म्हटलं, तर मी उपाशी. ती दोनशे जास्त घेऊन झोपते. तिला दोष कसा देऊ? तिचीपण पोरं आहेत."

सोनागाछीत हा प्रश्न सुटला तो बायका एकत्र आल्या म्हणून. हजारो बायका एका वस्तीत, एकमेकींच्या दाराला दार लागून. एकीने नाही म्हटलं तर सगळ्याच नाही म्हणतील अशी ताकद तिथे उभी राहू शकते. आमच्या किनाऱ्यावर अशी वस्ती नाही. इथे बाई एकटी एसटीने येते, लॉजवर दोन दिवस राहते, पुढच्या गावाला जाते. "जमेल का?" हा प्रश्न एकटीला विचारून भागत नाही, तो सगळ्यांना मिळून विचारावा लागतो, आणि सगळ्या मिळून कधी बसत नाहीत. बंडुरांनीही पुढे सामूहिक क्षमतेबद्दल लिहिलं. पण आमच्या अहवालात अजूनही एका-एका माणसाचा रकाना असतो.

रकान्यांवरून ती गोष्ट सांगायलाच हवी. ती माझी चूक आहे आणि मी ती दरवर्षी पहिल्या दिवशी सांगते.

जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी स्वतःच्या बळावर सिगारेट सोडू पाहणाऱ्या लोकांचा अभ्यास केला आणि 1983 मध्ये बदलाच्या पायऱ्या मांडल्या; तयारीची पायरी त्यात पुढे आली. काहींच्या मनात विचारही नसतो, काहींच्या मनात घोळत असतो, काही तयारीत असतात, काही करायला लागलेले असतात, काही टिकवून धरायच्या खटपटीत असतात. प्रत्येकाशी बोलणं वेगळं असलं पाहिजे. शिकवायला इतकी सोपी गोष्ट दुसरी नाही. पायऱ्या प्रत्येकाला कळतात. मला ती इतकी आवडली की मी आमच्या रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: "अवस्था". प्रत्येक नावापुढे 1 ते 5 आकडा.

सात-आठ महिन्यांनी रजिस्टर चाळताना मला दिसलं की एका तांडेलाच्या नावापुढे सलग "1" आहे आणि भेटीचे रकाने रिकामे. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, त्याच्या शब्दाबाहेर खलाशी जात नाही. मी आमच्या कार्यकर्त्याला विचारलं. प्रामाणिक मुलगा, कामचुकार मुळीच नाही. म्हणाला, "मॅडम, ते पहिल्या पायरीवर आहेत. तुम्हीच म्हणालात ना, पहिल्या पायरीवरच्याच्या मागे लागायचं नाही."

मी असं म्हटलं नव्हतं. पण मी आकडा लिहायला लावला होता, आणि आकडा लिहिला की माणूस तिथेच राहतो.

काही दिवसांनी तो तांडेल सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात आला. आधी एका तंबूवाल्या वैदूकडे आणि मग एका इंजेक्शनवाल्याकडे पैसे घालून झाले होते, जखम भरत नव्हती. उपचार झाले, तो बराही झाला. नंतर तो आमच्या कार्यकर्त्याशी जे बोलला, ते त्या मुलाने मला शब्दशः सांगितलं आणि ते सांगताना त्याचा आवाज कापत होता. "तुला मी चहा पिताना विचारलं होतं, लघवीला जळजळतं त्यावर काय घेतात. तू म्हणालास भरपूर पाणी प्या. मग तू यायचाच बंद झालास. मला वाटलं तुला कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलं."

ज्याला आम्ही विचारही न करणारा म्हणून लिहून ठेवलं होतं तो चहाच्या टपरीवर विचारत होता. दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं, औषधाचं नाव विचारल्यासारखं, जसं आपल्याकडे विचारतात तसं. तो तिसऱ्या पायरीवर उभा राहून हाक मारत होता आणि आम्ही वहीत पहिली पायरी बघत होतो. शिवाय आमच्या न जाण्याचा त्याने लावलेला अर्थ! आपण बदनाम झालो, आता हेही टाळायला लागले. माणसाला औषधापर्यंत आणणारं आमचं काम, आणि आम्हीच त्याला औषधापासून लांब ठेवलं.

तो रकाना मी त्याच आठवड्यात काढला. पायऱ्या आजही शिकवते, पण माणसाच्या नावापुढे लिहायला नाही. भेटायला जाताना स्वतःला विचारायला: मागच्या वेळी हा काय बोलला होता, आज काय बोलतोय, आणि याचं नेमकं अडलंय कुठे? माहिती नाही म्हणून, की आपल्याला होणार नाही असं वाटतं म्हणून, की हात ओले म्हणून, की पैसे आधी घेतले म्हणून, की जेट्टी बघते म्हणून? "त्यांना कळत नाही" या वाक्यात यातलं काहीच दिसत नाही. ते वाक्य एकदा तोंडातून गेलं की पुढे फक्त परत एकदा सांगणं उरतं, जरा मोठ्या आवाजात.

त्या तांडेलामुळे मला आणखी एक सिद्धांत आठवला. जेफ्री केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिसिसिपीसारख्या राज्यातल्या लहान शहरांत, समलिंगी पुरुष जमत अशा बारमध्ये, एक साधी युक्ती केली. तिथल्या बारटेंडरना विचारलं की इथे सगळे कुणाचं ऐकतात. मग त्या लोकप्रिय माणसांना मित्रांशी सुरक्षित संबंधांबद्दल सहज कसं बोलायचं ते शिकवलं. 1991 मध्ये त्यांनी परिणाम प्रसिद्ध केले, धोक्याचं वागणं कमी झालं होतं. हे मी शिकवते तेव्हा हॉलमधला प्रत्येक जण मान डोलावतो, कारण कोकणात वाडीवाडीला मानकरी असतात आणि बोटीवर तांडेल असतो. तांडेलाने केबिनमध्ये पाकिटांचा डबा ठेवू दिला तर खलाशी घेतात. (इंजिनाच्या उबेजवळ नाही, तेही सांगावं लागतं.)

पण त्याच्या पुढचंही मी सांगते. हीच पद्धत पुढे पाच देशांत मोठ्या चाचणीत तपासली गेली, भारतातून चेन्नईत. 2010 मध्ये निष्कर्ष आले: ज्या वस्त्यांत ही पद्धत वापरली आणि ज्यांत वापरली नाही, दोन्हींत धोक्याचं वागणं जवळपास सारखंच कमी झालं. दोन्हींकडे तपासणी, समुपदेशन आणि उपचार मिळत होते. हे सांगितल्यावर दरवर्षी कुणीतरी विचारतं, मग शिकायचं कशाला? मला हा प्रश्न फार आवडतो. एका गावात लागू पडलेलं दुसऱ्या गावात पडेलच असं नाही, आणि सिद्धांतामुळे आपल्याला निदान कळतं की काय लागू पडलं नाही. शिवाय उपचार, तपासणी आणि शांतपणे ऐकून घेणारं माणूस या तीन गोष्टी नुसत्या हजर असल्या तरी किती फरक पडतो, हेही त्या चाचणीत दिसतं. आमच्या जिल्ह्यांत त्या हजर राहाव्यात म्हणून भांडायला मला हे पुरेसं कारण वाटतं.

शिकवताना मला नेहमी जाणवतं की आमच्याकडे सगळ्यात मोठी अडचण शब्दांची आहे. शिमग्यात अख्खी वाडी फाका घालते, पोरंबाळं, म्हातारे, कुणाला काही वाटत नाही. शरीराच्या सगळ्या अवयवांची नावं त्या पाच दिवसांत मोकळ्या आवाजात देवासमोर घेतली जातात. होळी विझली की तेच शब्द शिवी होतात. दुसऱ्या बाजूला पाठ्यपुस्तकातले संस्कृत शब्द, जे कुणी घरात वापरत नाही. शिवी आणि संस्कृत यांच्या मधे, नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नर्सला विचारता येईल असं काही नाही. म्हणून "खालचं", "तिथलं", "अंगावरून जातं", "बाहेरचा नाद". र. धों. कर्वे याच किनाऱ्याचे, दापोलीजवळचं मुरुड हे त्यांच्या घराण्याचं गाव. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, 1927 पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि 1934 मध्ये त्यांची बाजू कोर्टात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. इतकी वर्षं झाली, आणि आमच्या आशाताईला सासूसमोर "कंडोम" म्हणताना अजून पदर तोंडावर घ्यावा लागतो. कर्व्यांची आठवण मी हॉलमध्ये आवर्जून काढते. आपण एकटे नाही, हे त्या बायकांना कळावं म्हणून.

आणि एक प्रश्न असा आहे, ज्याचं उत्तर माझ्याकडच्या एकाही सिद्धांतात नाही. तो सिंधुदुर्गातल्या एका आशाताईंनी विचारला होता.

"मॅडम, तुमचा सगळा खरा. पण घोवाक इचारूचा कसा? गणपतीक येता तो, धा दिस ऱ्हवता. दारात पाय ठेवल्याबरोबर तेका मी ह्या इचारू?"

सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. चाकरमान्याच्या घरातली बाई वर्षातून दोन-तीनदा नवऱ्याला भेटते. ते दिवस आनंदाचे असतात. "मला होईल का?" हा प्रश्न तिने स्वतःला विचारायचा म्हणजे नवऱ्यावर संशय घ्यायचा, आणि कंडोम मागायचा म्हणजे तो संशय बोलून दाखवायचा. उलट तोच म्हणतो, तुला कशाला लागतो, माझ्यामागे इथे काय चालतं? पुस्तकातला माणूस फायदा आणि अडचण तराजूत घालून बघतो. हिच्या तराजूत एका बाजूला न दिसणारा जंतू आहे आणि दुसऱ्या बाजूला अख्खं घर. अशा वेळी गप्प राहणाऱ्या बाईला अज्ञानी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने हिशेब बरोबर केलेला असतो.

शिवाय गरोदरपणात बाईची तपासणी आधी होते. एचआयव्हीची आणि सिफिलिसचीही, बाळाला लागण होऊ नये म्हणून. ती व्हायलाच हवी, कारण वेळेवर औषध सुरू झालं तर बाळ वाचवता येतं. पण अहवाल आधी तिचा येतो, म्हणून घरात दोषही आधी तिच्यावर येतो. मी समुपदेशनाच्या खोलीत अशा बायका पाहिल्या आहेत, ज्यांनी लग्नाआधी नि नंतर आपल्या वाडीबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही या प्रश्नावर अर्धा दिवस घालवला. नवऱ्याशी थेट बोलायची नाटकं करून बघितली, सगळी फसली. बायका पहिल्या वाक्यालाच अडायच्या, आणि आशाताई म्हणायच्या, अशी सून आमच्याकडे नाही. शेवटी मावशी भिंतीवरच्या कागदाकडे बघत म्हणाली, "निमित्त बघा की. तिने कशाला विचारायला पाहिजे? दुसऱ्याने विचारू दे." मग हळूहळू एक वाक्य तयार झालं. गरोदरपणाच्या पहिल्या नोंदणीच्या वेळीच, अहवाल कुणाचाही येण्याआधी, आशाताईने घरी जाऊन सासूसमोर सांगायचं, कागद हातात धरून: "डॉक्टरांनी दोघांकय बोलवल्यानी." दोघांना. तिला वेगळं नाही, त्याला वेगळं नाही. रक्त दोघांचं, एकाच दिवशी. संशय कुणी घेतलेला नाही आणि विचारलंही कुणी नाही. डॉक्टरांचं नाव पुढे केलं की तिच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

मला हे पूर्ण उत्तर वाटत नाही. ज्या बाईला नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारता येत नाही तिचं घर या वाक्याने बदलत नाही, आणि ते बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं. पण गणपती दोन महिन्यांवर होते, आणि वाक्य हातात होतं.

गौरी-गणपतीचं विसर्जन झाल्यावर त्या आशाताईंचा फोन आला. तिच्या वाडीतली एक मुलगी तिसऱ्या महिन्यात होती, नवरा मुंबईहून आलेला. वाक्य सांगितलं होतं.

"इलो मॅडम," ती म्हणाली. "पण भायर आंब्याखाली उभो ऱ्हवलो. बायलेक आत धाडल्यान, पुरुषांची लायन येगळी असा काय ता इचारूक."

"मग?"

"मग मी भायर जाऊन हात धरून हाडलंय तेका. भाऊ म्हणान."

पुढे काय निघालं ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. ते त्या दोघांचं. तिने एवढंच विचारलं की पुढच्या जूनला हॉल तोच असणार का, कारण तिच्या शेजारच्या गावातल्या दोन आशाताईंना तिला सोबत आणायचं आहे.